समासातला नारू

"बाई, परभणीहून एक डाक्टरीणबाई आल्यात. त्यायला नारू पायजे म्हणायल्यात."

नागनाथ शिपायानं दारातूनच वर्दी दिली, तेव्हा सत्यशीलाबाई एका कादंबरीचा समास घासत बसल्या होत्या. 'खून दिवाणजीने केला आहे, उगाच वाचत बसू नका' असं कुणा सत्पुरुषानं सातव्याच पानावर लिहून ठेवलं होतं. मानवतच्या ज्ञानवर्धिनी वाचनालयातल्या वाचकाला पेन्सिलीशिवाय वाचताच येत नसे. 'पुढे मजा आहे.' 'पान ४० पहा.' चाळिसाव्या पानावर 'पान ९० पहा', आणि नव्वदाव्या पानावर 'काय पाहतोस, गाढवा?' सत्यशीलाबाईंच्या टेबलाच्या पायाला सुतळीनं एक जाडजूड खोडरबर बांधलेला होता. नोकरीला लागल्यापासून गावच्या वात्रटपणाशी त्यांची लढाई त्या एका हत्यारावर चालली होती.

तशा बाई कुणाशी वाकड्यात शिरणाऱ्या नव्हेत. नामांतरावरून त्या वर्षांत कधी या बाजूचा बंद, कधी त्या बाजूचा. दोन्हीकडची पत्रकं वाचनालयात येत, आणि बाई ती एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवत. कुणी डोळे वटारले तर म्हणत, "वाचा की. वाचायला कुणाची बंदी हाय?" पण समासात लिहिलेलं दिसलं की त्यांचं डोकं फिरे.

"नारू पायजे?" त्या मान वर न करता म्हणाल्या. "मग दवाखान्यात पाठव."

"नारू नको, नारूचे अहवाल पाहिजेत," असं म्हणत डॉक्टरीणबाई आतच आली. तिशीच्या आतली, खांद्याला झोळी, चपला धुळीनं पांढऱ्या. "मी सुमंगला. जिल्ह्याचे आरोग्याचे वार्षिक अहवाल शोधतेय, मागच्या दहा वर्षांचे. कचेरीतल्या प्रती वाळवीनं खाल्ल्या. मुंबईला लिहिलं, तर तिकडून उत्तर आलं की आपल्याच जिल्ह्यात चौकशी करावी. शेवटी एक कारकून म्हणाला, मानवतच्या कुणी बाई दर साली येतात आणि एक प्रत घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठत नाहीत. त्या तुम्हीच ना?"

कुणी नातवाचं कौतुक करावं तसा सत्यशीलाबाईंचा चेहरा उजळला. तोंड उघडलंसुद्धा, "हायत की!" म्हणायला. तेवढ्यात समोरचं वर्तमानपत्र खाली आलं, आणि मागून वाचनालयाचे अध्यक्ष दिनकरराव उगवले. मोंढ्याच्या धान्यबाजारातले मोठे आडते. बोलायचे ते भाव पुकारल्यासारखं.

"कसले अहवाल? ते तर आपण कवाच रद्दीत काढायचा ठराव केला. काय बाई?"

"व्हय की. झाला होता ठराव."

"म्हंजे न्हाईत."

"ठरावाप्रमाणं..." बाईंचे कान लाल झाले. आईबापांनी नाव सत्यशीला ठेवलं होतं, आणि खोटं बोलण्याची सवय लागू नये याची तजवीज त्यांच्या कानांनी केली होती. "ठरावाप्रमाणं न्हाईत."

सुमंगलाचा चेहरा पडला. ती झोळी सावरायला लागली, तोच टेबलाखालून तिच्या पावलावर एक पाऊल पडलं. चांगलं जोरात.

"येवढ्या उन्हाचं आलात," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "घरी चला. चहा घ्या."

"नको, मला गाडी..."

"घ्याच." पावलावरचा भार वाढला.

"घ्या हो," दिनकरराव वर्तमानपत्रात परत शिरत म्हणाले. "बाईंच्या हातचा चहा चांगला असतो."

घर मागच्याच गल्लीत. नवरा शाळेत मास्तर, तो शाळेतच. दार लावून घेतल्यावर बाई म्हणाल्या, "अहवाल हायत. पण त्यायच्या कादंबऱ्या झाल्यात."

"म्हणजे?"

"आधी हे बघा." बाईंनी पातळाची कड वीतभर वर उचलली. घोट्याच्या वर एक गोल, पांढुरका, चुरगळलेला व्रण होता. डॉक्टरीणबाईला सांगायची गरज नव्हती.

तांबडवाडी हे बाईंचं माहेर. देवगाव फाट्यावरून आत, ओढ्यापलीकडे. गावाला एकच विहीर, पायऱ्यांची. बाया पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालून घागरी भरणार, आणि तेच पाणी सगळं गाव पिणार. सत्यशीला सहावीत असताना तिच्या घोट्याला फोड आला, फोड फुटला, आणि आतून दोऱ्यासारखा नारू डोकावला. रोज काडीला गुंडाळून इंच इंच ओढायचा, तुटला तर बोंब. सगळा उन्हाळा खाटेवर गेला, परीक्षा गेली, वर्ष गेलं. घरच्यांना वाटलं, गेल्या जन्मीचं काहीतरी असेल.

"मग इथं नोकरीला लागले," बाई चहाचं आधण ठेवता ठेवता म्हणाल्या, "आन् एकदा परभणीच्या कचेरीत गेले होते. खिडकीत एक जुना अहवाल पडला होता. चाळला. तर त्यात आमचं गाव! 'तांबडवाडी, नारू, नऊ.' साल तेच. डाक्टरीणबाई, त्या नवांत एक मी होते! मला वाटायचं माझं दुखणं माझ्या मायलाच ठावं. आन् इकडं सरकारच्या पुस्तकात मी मोजलेली. कुणीतरी ओढा ओलांडून आलं होतं, मला मोजायला."

तेव्हापासून बाई दर साली परभणीला जाऊन अहवाल आणू लागल्या. पिशवीत भाजी खाली आणि अहवाल वर. आपलं गाव त्यात असणारच असं धरून त्या ते न उघडताच कपाटात लावत. मग एके वर्षी दिनकररावांनी ठराव मांडला, की कादंबऱ्यांनी गावच्या सुना बिघडायल्यात, वाचनालयात सात्त्विक पोथ्या आल्या पाहिजेत, आणि त्यासाठी कपाट मोकळं करायला सरकारी अहवाल रद्दीत घालावेत. ते तसेही कुणी वाचत नाही. ठराव एकमतानं मंजूर झाला. बाईंनी त्याच दिवशी मुंजाजी बाइंडरला गाठलं. तीन कादंबऱ्या वाचून वाचून पार खिळखिळ्या झाल्या होत्या, पानं गळून नुसते पुठ्ठे उरलेले. मुंजाजीनं दहा वर्षांच्या अहवालांचे तीन गठ्ठे केले आणि त्या पुठ्ठ्यांत शिवून टाकले. पहिल्यावर 'भुयारातली भानुमती', दुसऱ्यावर 'चंद्रमहालाची चोरवाट', तिसऱ्यावर 'सुडाचा सातवा घाव'.

सुमंगला चहाचा कप हातात धरून बघतच राहिली. "आणि मग?"

"मग मायच्या डोळ्याचं आपरेशन निघालं, मी गेले रजेवर. आमच्याकडं बायकांना पुस्तकं घरपोच असतात. नागनाथ सायकलला पिशवी लावून वाटीत जातो. त्याला वाटलं, नवी बाइंडिंग केलेली पुस्तकं हायत, वाचतील बिचाऱ्या. वाटून मोकळा झाला."

"आणि तुम्ही परत मागवली नाहीत?"

"आधी मागवणार होते. मग म्हणलं, कपाटात असती तर दिनकररावांच्या नजरेला पडली असती. लोकांच्या घरात बरी. घेतलेलं पुस्तक परत न देण्यात आमच्या गावाचा हात कुणी धरणार न्हाई."

सुमंगला हसून हसून ठसकली. मग तिनं कप खाली ठेवला.

"बाई, शुक्रवारी परभणीला बैठक आहे. नारूची पाहणी करायला पथक कुठल्या गावांत पाठवायचं, ते ठरणार. माणसं मोजकी, गावं शेकड्यानं. म्हणून नियम केलाय, मागच्या दहा वर्षांत ज्या गावात नारूची नोंद सापडेल तिथंच पथक जाणार. जिथं पथक जाईल तिथल्या विहिरीच्या पायऱ्या बुजवणार, कठडा बांधणार, रहाट बसवणार."

"आन् नोंद नसंल तिथं?"

"तिथं नारू नाही, असं धरणार."

बाईंनी चहाची गाळणी तशीच हातात धरली. "माझी भावजय गेल्या उन्हाळ्यात दीड महिना खाटेवर होती," त्या म्हणाल्या. "शुक्रवार. म्हंजे चला, उठा."

'भुयारातली भानुमती' चार घरं सोडून कस्तुराबाईंकडे होती. कस्तुराबाई ओसरीवर तूर पाखडत होत्या.

"भानुमती? हाय की! पण बाई, ती भुयारातून काय बाहेर निघंना. निम्मं पुस्तक झालं."

"तुमी वाचलं?"

"मला कुठलं येतंय वाचाया! सून वाचती, मी ऐकती. पहिल्यांदा वाटलं, लिहिणाराचं डोस्कं फिरलं. नुसती गावंच गावं! कुठं हिवताप किती, कुठं देवी टोचल्या किती. म्हणलं सूनबाई, मिट ते. तेवढ्यात आमच्या माहेरचं गाव आलं. मग सोडवंना. हरेक गावात आपलं कुणी न कुणी हायच. सूनबाईला म्हणलं, लिही गं बाजूला, हे बरोबर, हे चूक, ह्या गावच्या नर्सबाई लय गुणाच्या, ह्या गावात डाक्टर येतच न्हाई."

"पुस्तकात लिहिलंत?" सत्यशीलाबाईंचा आवाज चढला.

"पेन्सिलीनं लिहिलंय. पेनानं लिहू न्हाई, येवढं कळतंय आमाला."

'चंद्रमहालाची चोरवाट' पण याच घरात आली होती. ती कस्तुराबाईंची लेक मनकर्णा देवगाव फाट्याला सासरी घेऊन गेली होती. तिथं तिचं चहाचं हॉटेल होतं. "गिऱ्हाईक नसलं की वाचीन म्हणली. तेव्हापासून चोरवाट तिकडंच."

पुस्तक घेऊन बाई घरी आल्या. सुमंगला रात्रीपुरती ओळखीच्यांकडं उतरायला गेली होती. सकाळी पुस्तक बघायला येणार होती. बाईंनी पानं उलटली, आणि त्यांच्या जिवाचा संताप झाला. समास म्हणून काही उरलाच नव्हता. चारी बाजूंनी सूनबाईंचं गोल गोल अक्षर. शहरातून आलेल्या बाईपुढं हे असं पुस्तक ठेवायचं? गावची अब्रू काय राहिली? बाईंनी भाकरी थापायच्या आधी पिशवीतला खोडरबर घेतला आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळे समास लख्ख केले. केर सुपात भरून बाहेर टाकला.

सकाळी सुमंगलानं पुस्तक उघडलं. "वा! किती स्वच्छ ठेवलंय!"

बाई खुश. दोघींनी तांबडवाडीची ओळ शोधली. शून्य. पुढचं साल, शून्य. त्याच्या पुढचं, शून्य.

"असं कसं?" बाई म्हणाल्या. "असं कसं व्हईल?"

सुमंगलानं झोळी खांद्याला लावली. "फाट्याला गाडी कधी आहे?"

सेलूला गाडी बदलून दोघी देवगाव फाट्याला उतरल्या, तेव्हा मनकर्णा भजी तळत होती. चार गाड्यांचे ड्रायव्हर, कंडक्टर, सगळ्यांना ती एकाच दमात ओरडत होती.

"बाई तुमी! अगं माय, पुस्तकासाठी येवढ्या लांब? दंड किती झाला असंल आता?"

"दंड राहू दे. चोरवाट काढ."

मनकर्णानं बरण्यांमागून पुस्तक काढलं. पुठ्ठ्याला तेलाचा वास आणि चहाचे गोल गोल डाग. सुमंगलानं उभ्या उभ्याच तांबडवाडी काढली. शून्य. पण सुमंगलाचा चेहरा मात्र बदलत गेला. शून्याच्या बाजूला पेन्सिलीनं ठळक ठळक काहीतरी लिहिलं होतं. तिनं मोठ्यानं वाचलं:

"'हे सपशेल खोटं. मोजणीचे साहेब फाट्याच्या पुढे गेलेच नाहीत. आमच्या हॉटेलात बसून सगळ्या गावांचं लिहिलं. म्हणे ओढ्याला पाणी आहे. मे महिन्यात ओढ्याला पाणी?'"

"मीच लिहिलंय ते!" मनकर्णा झारा हातात घेऊनच पुढं आली. "मी म्हणलं त्यायला, साहेब, तांबडवाडीत बाया नारूनं पडल्यात, पाणी भराया माणूस न्हाई. तर म्हणले, 'पुढच्या खेपेला बघू, भजी गरम आहेत का?' मग पुस्तकात शून्य बघितलं आन् माझं टाळकंच सरकलं. वाचनालयाचं पुस्तक हाय, माहीत हाय मला. पण र्‍हावलंच न्हाई."

सत्यशीलाबाईंचा हात सवयीनं पिशवीत गेला. पिशवीत त्यांचा प्रवासातला छोटा खोडरबर असे. तो बाहेर निघालेला बघताच सुमंगलानं त्यांचं मनगटच धरलं.

"बाई! खबरदार!"

"अहो, सवय..." एवढं म्हणून बाई थांबल्या. त्या मटकन बाकड्यावर बसल्या.

"काय झालं?"

"भानुमती," बाई म्हणाल्या. "कालच्याला मी सगळं खोडलं की हो. पार केर सुपानं भरून टाकला."

मनकर्णाच्या कढईतली भजी करपली. मग सुमंगलाला असं हसू फुटलं, की ड्रायव्हर-कंडक्टरही वळून बघायला लागले. "स्वच्छ ठेवलंय म्हटलं मी! मी तुमचं कौतुक केलं, बाई!"

संध्याकाळी दोघी पुन्हा कस्तुराबाईंच्या ओसरीवर. "पुन्हा सांगू?" कस्तुराबाई हरखून म्हणाल्या. "सगळं? बसा मग. सूनबाई, चहा टाक, आन् पेन्सिल आण." तांबडवाडीबद्दल त्या म्हणाल्या, "बाई, तुमच्याच भावजयीची मावशी सांगत होती की, त्या साली त्यांच्या गल्लीत घरटी एक खाट होती." असं गावोगावचं बोलणं झालं, त्यात निम्म्या सोयरिकी आणि निम्मी भांडणं होती. सुमंगला त्यातून नारू वेचत राहिली.

परत निघताना मात्र तिचा सूर उतरला. "बाई, हे बैठकीत धरणार नाहीत. समासात लिहिलेलं. विचारतील, कोण कस्तुराबाई? कोण मनकर्णा? असं कुणीतरी पाहिजे ज्याला 'तुम्ही कोण' म्हणून विचारायची हिंमत होणार नाही. तिसरं पुस्तक कुणाकडं आहे?"

"तिथं जायला नको वाटतं म्हणूनच मी ते शेवटाला ठेवलंय," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "लक्ष्मीबाईंच्या खात्यावर हाय. दिनकररावांच्या मंडळींच्या."

गुरुवारी दुपारी दार लक्ष्मीबाईंनीच उघडलं.

"'सुडाचा सातवा घाव'? माझ्या नावावर? अगं, चाळिशी लागल्यापासून मला देवाच्या आरतीचं अक्षर दिसत न्हाई! माझ्या नावावर कादंबऱ्या कोण..."

आतल्या खोलीतून खोकला आला. मग दिनकरराव आले. त्यांनी सुमंगलाला पाहिलं, बाईंना पाहिलं, आणि एका दमात सगळं त्यांच्या ध्यानात आलं.

"बाई," ते गरजले, "तुमी ठराव मोडला! अहवाल रद्दीत न घालता पुठ्ठ्यात घातले!"

"व्हय," बाई म्हणाल्या. कान लाल झाले नाहीत, कारण हे खरं होतं. "पण पुठ्ठ्याच्या आत काय हाय ते तुमाला कसं कळलं, दिनकरराव? पुस्तक तर लक्ष्मीबाईंनी नेलंय."

लक्ष्मीबाईंनी नवऱ्याकडं बघितलं, मग देवघराकडं, आणि पदर तोंडाला लावला. "म्हणून रोज दुपारी दार लावून पोथी वाचायचे! म्हणलं, येवढी भक्ती आली कुठनं!" त्या देवघरात गेल्या आणि लाल फडक्यात बांधलेली पोथी घेऊन आल्या. फडकं सोडलं. आतून 'सुडाचा सातवा घाव' निघाला.

दिनकरराव खाटेवर बसले. त्यांचा मोंढ्याचा आवाज कुठल्या कुठं गेला होता. "नागनाथला गप बसवलं होतं मी. दर आठवड्याला एक... नुसतं मन रमवायला हो. बाकीच्या बऱ्या होत्या. ही उघडली तर पहिल्या पानावर पटकी, दुसऱ्यावर नारू! सूड न्हाई, घाव न्हाई! तक्रार कुणाकडं करू? परत दिली तर तुमी पान उघडून बघणार, इचारणार कुणी वाचली. ठेवून दिली. मग एक दिवस करमंना, म्हणून वाचली."

"आन्?"

"आन् काय! लय चुका हायत तिच्यात."

सत्यशीलाबाईंनी पान काढलं. तांबडवाडी, शून्य. बाजूला जमाखर्चाच्या सुबक अक्षरात: 'चूक. या साली तांबडवाडीची ज्वारी दीड महिना उशिरा मोंढ्यात आली. कारण विचारता, गडी-बाया नारूने बसून, मळणीस माणूस नाही. स्वतः जाऊन पाहिले.' खाली सही.

"सही केलीय तुमी!" सुमंगला म्हणाली.

"सवय. मोंढ्यात सहीबिगर कागद चालत न्हाई."

"मग उद्या परभणीला चला आणि हेच सांगा. तुम्हाला सगळा जिल्हा ओळखतो."

"चलतो की. गावाच्या कामाला कवा न्हाई म्हणलं..." ते एकदम थांबले. "पण साहेब इचारतील की, कशात लिहिलं म्हणून."

"इचारतील," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

"नाव इचारतील पुस्तकाचं."

"इचारतील."

"मग मला जमायचं न्हाई," दिनकरराव उठले. "जिल्ह्यात माझी काय इज्जत राहील? सुना बिघडायल्यात म्हणून मी भाषणं केलीत! लक्ष्मीला न्या. तिचं खातं हाय."

"जाते की मी," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "सांगते, मला दिसत न्हाई पण मी वाचलं."

सत्यशीलाबाईंनी तिन्ही पुस्तकं छातीशी धरली. "दिनकरराव, मला मोजायला कुणीतरी ओढा ओलांडला होता, म्हणून मी सरकारच्या पुस्तकात हाय. आताच्या पुस्तकात माझी भावजय न्हाई. तुमी तिला बघितलंय. लिहिलंय. जे पेन्सिलीनं सांगितलं ते तोंडानं सांगायचं, येवढंच."

"बघू," असं म्हणून दिनकरराव आत गेले. मोंढ्यात 'बघू' म्हणजे 'नाही', हे बाईंना ठाऊक होतं.

शुक्रवारी परभणीच्या सभागृहात पंखे नुसतेच आवाज करत होते. सुमंगलानं गावांची नावं वाचायला घेतली. ज्या गावाची नोंद होती त्यावर जिल्ह्याच्या आरोग्य खात्याचे मोठे साहेब खूण करत. बाई मागच्या बाकावर बसून पिशवीतला खोडरबर चुरगाळत होत्या.

"तांबडवाडी," सुमंगला म्हणाली.

"शून्य," साहेबांनी पान पाहून सांगितलं. "दहाही वर्षं शून्य. पुढचं गाव."

"शून्य न्हाई साहेब!" बाई उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांनाच नवल वाटलं. "बाजूला बघा. समासात लिहिलंय."

"समासात?" साहेबांनी चष्मा वर केला. "बाई, समास म्हणजे सरकारी नोंद आहे का? असं कुणीही लिहील. हे लिहिलंय कुणी?"

"मी," दारातून आवाज आला. भाव पुकारल्यासारखा.

कडक इस्त्रीचं धोतर, डोक्यावर टोपी, दिनकरराव सरळ पुढं आले. पुढच्या रांगेतल्या दोघातिघांनी उठून नमस्कार घातला. साहेबांनीही खुर्ची पुढं सरकवली. "या, या दिनकरराव! ही नोंद तुमची? कोणत्या पुस्तकातली?"

दिनकररावांनी एकदा बाईंकडं बघितलं. एकदा छताकडं. मग छाती भरून श्वास घेतला.

"'सुडाचा सातवा घाव'. तांबडवाडीचं पान."

सभागृहात आधी कुणालाच काही कळलं नाही. मग सुमंगलानं पुठ्ठा उंच धरून दाखवला, आणि हशा असा उसळला की पंख्याचा आवाज बुडाला. साहेबांना हसू आवरायला वेळ लागला. डोळे पुसत ते म्हणाले, "आणि दिनकरराव, खून कुणी केला?"

"ते अजून कळलं न्हाई साहेब," दिनकरराव म्हणाले. "तुमच्या पथकानं ओढा ओलांडला, की कळंल."

हसणं थांबलं. साहेबांनी पान पुन्हा जवळ ओढलं. दिनकररावांची सही वाचली, मग मनकर्णाचं वाचलं, मग कस्तुराबाईंच्या सूनबाईचं. बराच वेळ वाचत राहिले. मग तांबडवाडीपुढं खूण केली.

पथक गेलं. ओढ्याला पाणी नव्हतं. पुढच्या वर्षीच्या अहवालात तांबडवाडीपुढं अकरा आला, आणि तो आकडा सत्यशीलाबाई गावभर पेढे वाटल्यासारख्या दाखवत फिरल्या. लोक म्हणाले, बाईंचं डोस्कं फिरलं, रोग निघाला तर खूश व्हायल्यात. विहिरीच्या पायऱ्या बुजल्या, वर रहाट आला. तांबडवाडीच्या बायांनी पहिले काही महिने रहाटाला शिव्या घातल्या, की खांदे दुखायलेत. भावजयीनं त्यात सगळ्यात जास्त घातल्या.

सुमंगलानं पुढं नारूवर शोधनिबंध लिहिला, त्याच्या शेवटी संदर्भांत छापलं होतं: 'जिल्हा आरोग्य अहवाल, वाचकांच्या टिपांसह, ज्ञानवर्धिनी वाचनालय, मानवत.' ते पान दिनकररावांनी चौकटीत लावून वाचनालयात टांगलं. अहवालांना स्वतंत्र कपाट मिळालं. नवा ठरावही झाला, एकमतानं. दिनकरराव आता कादंबऱ्या स्वतःच्या नावावर नेतात. कादंबऱ्यांचे समास बाई अजून घासतातच. पण अहवालांच्या कपाटाला त्यांनी सुतळीनं एक पेन्सिल बांधून ठेवली.

नंतर काही वर्षांनी बाई परभणीहून अहवाल घेऊन आल्या, भाजी खाली, अहवाल वर. टेबलाशी बसून त्यांनी तांबडवाडी काढली.

शून्य.

बाई बराच वेळ त्या शून्याकडं बघत राहिल्या. मग उठल्या, कपाटाजवळ गेल्या, सुतळीला असलेली पेन्सिल ओढली, मागं-पुढं पाहिलं, आणि समासात लिहिलं, 'हे खरं.'

"बाई!" दारातून नागनाथ ओरडला. "तुमीच लिहायलात समासात?"

"गप रे," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "पेन्सिलीनं लिहिलंय."